माणसाला घट किती

त्या वर्षीच्या एप्रिलात पुण्याच्या मार्केट यार्डातले कावळे चालत फिरायचे. उडायचे नाहीत. पंख उघडले की काखेत ऊन शिरतं, म्हणून पंख पाठीमागं घट्ट बांधून, सकाळच्या फेरीला निघालेल्या पेन्शनर मंडळींसारखे, ते ट्रकच्या सावलीसावलीनं चालत. मिरची उतरायची ती भाजूनच; बायका घरून नुसतं मीठ आणि लसूण आणायच्या आणि तिथल्या तिथं ठेचा करून न्यायच्या. हे ज्याला पटत नसेल त्यानं यार्डातल्या कुठल्याही जुन्या माणसाला विचारावं. तो म्हणेल, इतकंच? कावळ्यांच्या पायांत चपला होत्या ते नाही सांगितलं?

या यार्डात कांदा-बटाटा विभागात, श्यामशेठ आडत्याच्या गाळ्यावर, सर्जेराव काळभोर तोलणार होता. तोलणाऱ्यानं काट्याशी उभं राहायचं, माल तोलायचा आणि वजन सगळ्यांना ऐकू जाईल असं पुकारायचं. लोणी काळभोरहून पहाटेची पहिली बस धरून तो तीस वर्षं येत होता, आणि त्याच्या नजरेतच काटा बसवलाय असं लोक म्हणत. पोतं ट्रकवरून उतरतं न उतरतं तोच सर्जेराव म्हणायचा, "बावन्न तीनशे," आणि काट्यावर लाल आकडे उमटायचे ते बावन्न तीनशेच. एकदा भाच्याच्या लग्नात नवरी मांडवात आली आणि सवयीनं त्याच्या तोंडून निघून गेलं, "एकोणपन्नास आठशे, शालू धरून." त्या घरचं आमंत्रण पुन्हा आलं नाही. बायकोकडं, मथुराबाईकडं, तर तो जेवताना मान वर करून बघतच नसे. एकदाच बघितलं होतं. बोलला काही नव्हता, तरी दोन दिवस भाकरी करपलेली मिळाली.

त्याची एक रीत होती, आज्यापासून चालत आलेली. माप मोजताना पहिल्या मापाला 'एक' म्हणायचं नाही, 'लाभ' म्हणायचं. लाभ, दोन, तीन, चार. एक म्हटलं की ते एकटं पडतं. लाभ म्हटलं की वाढत जातं. काटा इलेक्ट्रॉनिक झाला, भाजी फोनवर आली, पण सर्जेरावाचा लाभ काही सुटला नाही. आणि गेली बारा वर्षं हा लाभ म्हणजे एक जिवंत माणूस होता. बद्रीनाथ.

बद्रीनाथ त्याच गाळ्यावर हमाल होता. परभणीकडचा, जिंतूरच्या बाजूचा. तो पहिल्यांदा कामाला आला त्या दिवशी चेष्टेत त्याला काट्यावर उभा केला, सर्जेरावानं "लाभ! चौसष्ट!" अशी आरोळी दिली, आणि त्या दिवशी माल असा आला की यार्डाच्या दरवाजाबाहेर ट्रकांची शेपटी लांबली. झालं. तेव्हापासून रोज सकाळी पहिलं पोतं चढायच्या आधी बद्रीनाथ काट्यावर चढायचा. याला ते 'काटा जागा करणं' म्हणत. बारा वर्षांत त्याचं वजन चौसष्टाच्या अलीकडं-पलीकडं हललं नव्हतं. उन्हाचा विषय निघाला की तो हसायचा. "सर्जेदादा, आमच्याकडं बेचाळीस झालं की बाया स्वेटर काढतेत. पुणं थंड म्हणून तर आलो मी हिकडं."

आता घटीचं सांगायला हवं. कांदा सुकतो. शेतातून निघताना पन्नास किलो भरलेलं पोतं यार्डात पोचेपर्यंत किलो-दीड किलोनं हलकं होतं. त्याला घट म्हणतात. घटीवर वाद नसतो. काट्यानं दाखवली, तोलणाऱ्यानं पुकारली, की आडत्यानं काट्यावर हात ठेवून "घट मान्य" म्हणायचं आणि पुढच्या पोत्याला हात घालायचा. पुण्यात माणसं डब्यातल्या चटणीवरून कोर्टात जातील, पण पुकारलेली घट कोणी मोडली असं झालेलं नाही.

तर त्या मंगळवारी दुपारी पाऊण वाजता बद्रीनाथ डोक्याचं फडकं बांधायला म्हणून रिकाम्या काट्यावर टेकला. टेकला म्हणजे उभाच राहिला. सर्जेरावानं सहज बघितलं. नजर म्हणाली, साठ. काट्याचे लाल आकडे म्हणाले, एकोणसाठ आठशे.

सर्जेरावानं डोळे चोळून पुन्हा बघितलं. सकाळी याच माणसाला त्यानं चौसष्ट पुकारला होता. बारा वर्षांत चौसष्ट. सहा तासांत चार किलो जातील कुठं? म्हणजे काटा गेला. आणि काट्याबरोबर नजरही गेली. तोलणाऱ्याला यापेक्षा बायको सोडून गेलेली परवडते, कारण ती निदान परत येऊ शकते.

"थांबा सगळे!" तो ओरडला. "काट्याला हात लावू नका कुनी!"

मग त्यानं कपाटातून लोखंडी वजनं काढली, वीस-वीस किलोची, सरकारी शिक्क्याची. एक ठेवलं. वीस. दुसरं ठेवलं. चाळीस. तिसरं. साठ, बरोब्बर साठ. पटेना. त्यानं काटा उचलून दुसऱ्या फरशीवर मांडला, खाली विटेचा तुकडा सरकवून पातळी धरली, वायरीत फुंकर मारली, उदबत्ती लावली. पुन्हा वीस, चाळीस, साठ.

बद्रीनाथ पोत्यांना टेकून खाली बसला होता. "दादा," तो म्हणाला, "घाम थांबला बघा माझा. बरं झालं."

"गप रं. माझं ध्यान हाय काट्यात."

"म्हशीला पाणी दाखवलं का? उन्हात बांधलीय तिला."

"कुठली म्हस? पुण्यात कुठली म्हस आली तुझी?" सर्जेराव वजनांवरून नजर न उचलता म्हणाला. काटा तिसऱ्यांदा खरा निघाला. चौथ्यांदाही. अर्धा तास गेला असेल. शेवटी त्यानं कपाळाला हात लावला आणि वळून म्हणाला, "काटा तर बेस हाय रं बद्री..." तेव्हा बद्रीनाथ अर्धवट भरलेलं पोतं कलंडावं तसा कुशीवर कलंडत होता, आणि त्याच्या अंगाला हात लावला तर तो तव्याला लावल्यासारखा भाजला.

काटा खरा होता. सुकला होता तो माणूस.

कांद्याच्या हातगाडीवर घालून त्याला मनपाच्या दवाखान्यात नेला. बद्रीनाथची बायको सुशीलाबाई त्याच विभागात कांदा निवडायला बसायची. ती गाडीबरोबर पळत पळत, मिळेल त्या नळाचं पाणी त्याच्या अंगावर ओतत होती. दवाखान्यात तेजस्विनी डॉक्टरांनी त्याला ओल्या चादरीत गुंडाळला, काखेत बर्फ कोंबला, मोठ्या रुग्णालयात धाडायची गाडी बोलावली आणि विचारलं, "बरळायला कधी लागला?"

"म्हशीचं बोलत व्हता," सर्जेराव म्हणाला. "अर्धा तास झाला आसंल."

"अर्धा तास? आणि तुम्ही काय करत होतात?"

सर्जेरावाला उत्तर माहीत होतं. त्या अर्ध्या तासाचं वजनसुद्धा त्याला माहीत होतं. साठ किलो, सरकारी शिक्क्याचं लोखंड.

बद्रीनाथ वाचला. आठ दिवस सलाईनवर राहून तो पुन्हा तेजस्विनी डॉक्टरांसमोर आला, तेव्हा त्यांनी रिपोर्ट बघून पेन खाली ठेवलं. "तुमच्या किडन्या सुकल्या होत्या, बद्रीनाथ. या वेळी परत आल्या. पुन्हा असे पडलात तर येणार नाहीत. भर उन्हातलं काम बंद."

"बाई," बद्रीनाथ अगदी नम्रपणे म्हणाला, "काम बंद केलं तर ऊन नाही लागणार, खरंय. पण भूक लागंल. सोमवारपासून जातो मी."

डॉक्टरांनी दाराबाहेर बघितलं. बाहेर बाकावर त्याच तक्रारीचे अकरा जण बसले होते. एक रस्त्यावर डांबर टाकणारा, एक दुपारी घरोघर जेवण पोचवणारा, बाकीचे बांधकामावरचे. केबिनमध्ये राहणारा एकही नव्हता.

रविवारी भरदुपारी सर्जेराव बद्रीनाथला भेटायला गेला. बारा वर्षांत पहिल्यांदा. यार्डामागच्या वस्तीत त्याची खोली होती, दहा बाय दहाची, वर पत्रा, एक दार, आणि दारासमोर दुसऱ्याच्या खोलीची भिंत. आजाऱ्याकडं रिकाम्या हातानं कसं जायचं म्हणून सर्जेरावानं गुळाची छोटी ढेप नेली होती. ती त्यानं फळीवर ठेवली आणि बसला. वर पत्रा टकटक वाजत होता, कोणी बोटानं वाजवावा तसा.

"कोन हाय वर?"

"ऊन," सुशीलाबाई म्हणाल्या. "बारानंतर वाजाय लागतो. संध्याकाळी सातपर्यंत."

चहा पुढं आला तेव्हा सर्जेरावानं सहज फळीकडं बघितलं. ढेप जागेवर नव्हती. ती सावकाश, कोणाला न सांगता, फळीवरून निघाली होती आणि कडेपर्यंत येऊन खाली कुठं उतरावं याचा विचार करत होती.

"भाऊ, गूळ इथं ठेवायचा नसतो," सुशीलाबाई म्हणाल्या, आणि खाली ताटली धरली. "पळून जातो. पापड मात्र तळावं लागत नाहीत आम्हाला, पत्र्याला चिकटवले की झालं."

कांद्याच्या गाडीबरोबर धावताना तोंडातून शब्द न काढणारी ही बाई हसत होती. सर्जेराव हसू शकला नाही. लोणीत त्याच्या अंगणात कडुनिंब होता, माठ होता, मळ्यावरचा वारा होता. हा माणूस दिवसभर उन्हात सुकायचा आणि संध्याकाळी या तव्याखाली येऊन झोपायचा, आणि सकाळी काट्यावर चढून त्याला लाभ देऊन जायचा.

"रातीला तरी निवतं का?"

"पहाटं चारला बी हात लावून बघा पत्र्याला, भाजतो," बद्रीनाथ म्हणाला. "पण उद्यापासून येतो मी, दादा. तुमचा काटा झोपला असंल."

सोमवारी मात्र सर्जेरावानं त्याला काट्याजवळ येऊ दिलं नाही. "पंधरा दिस थांब," म्हणून परत धाडला आणि स्वतः श्यामशेठच्या केबिनमध्ये गेला. गाळ्यातच काचेची केबिन होती, आत एसी होता, एका बाजूला श्यामशेठ आणि दुसऱ्या बाजूला कॉम्प्युटरवर हिशेब लिहिणारी शेफाली.

"दार लावा आधी," श्यामशेठ म्हणाले. "गार हवा फुकट जाते."

"शेठ, बारा ते चार काम थांबवा. गाड्या दहाच्या आत आन् पाचच्या पुढं खाली करू. माणूस मरंल."

श्यामशेठनी फोन उचलून दाखवला. "काय लिहिलंय वाचा. एकेचाळीस. अख्ख्या पुण्यात एकेचाळीस आहे, सर्जेराव. मला काय वेगळं लागतं? सूर्य काय आडत्यांकडं बघून उगवतो? आणि हवामान खातं तुमच्या काट्यावर चालतं, हे मला माहीत नव्हतं."

सर्जेराव दार लावून बाहेर आला. बाहेर यायला एक पाऊल लागलं, आणि त्या एका पावलात त्याला घाम फुटला. तो मागं वळून काचेकडं बघत राहिला. बोटभर जाडीची काच. मग काट्याकडं बघत राहिला. श्यामशेठच्या बोलण्यातलं शेवटचं वाक्य त्याला एकदम आवडलं.

मंगळवारी सकाळी सहाला गाळ्यापुढं वेगळाच माल उभा होता. हमाल, निवडणाऱ्या बायका, गाडीवाले, सगळे मिळून एकेचाळीस जण रांगेत. सर्जेराव एकेकाला काट्यावर घेत होता आणि पोत्यांवर खूण करायच्या निळ्या रंगानं ज्याच्या त्याच्या मनगटावर वजन लिहीत होता. आठ वाजता श्यामशेठ आले.

"हे काय चाललंय? माणसं विकायला काढली?"

"काटा जागा करतोय, शेठ. बद्री न्हाई. म्हटलं, लाभाचं मानूस तुमच्यासारखं दुसरं कोन हाय यार्डात? तुमी चढा, मंग सुरुवात करतो."

लाभाचं माणूस म्हटल्यावर कोणता आडत्या चढणार नाही? श्यामशेठ कोल्हापुरी चपला काढून चढले. "लाभ! ब्याऐंशी दोनशे!" सर्जेरावाची आरोळी थेट फुलबाजारापर्यंत गेली. मागोमाग शेफालीही गंमत म्हणून चढली. त्यांच्याही मनगटांवर निळे आकडे आले आणि दोघं काचेआड गेले.

मग दिवस सुरू झाला. काय दिवस होता तो! दहा वाजता फरशीवर सांडलेले बटाटे उकडले. अकराला ट्रकच्या सावल्यासुद्धा ट्रकखाली जाऊन बसल्या. साडेबाराला, गाळ्यात शेतकरी, खरेदीदार, ड्रायव्हर अशी शंभरेक माणसं असताना, सर्जेराव पोत्यावर चढला आणि मालाला लावतात त्या आवाजात त्यानं पुकारलं, "घट बघायची हाय! या!"

पहिला साईनाथ हमाल चढला. मनगटावर एकाहत्तर. काट्यावर सदुसष्ट चारशे.

"साईनाथ! घट तीन सहाशे!"

लोक हसले. दुसरा चढला. "घट चार शंभर!" पुन्हा हसले, पण थोडे. सुशीलाबाई चढल्या, पदर सावरत. नवरा घरी पडून होता, त्या कामाला आल्या होत्या. "सुशीलाबाई! घट दोन नऊशे!" आता कोणी हसलं नाही. तीन चारशे. तीन दोनशे. तीन आठशे. नावं आणि आकडे पडत राहिले आणि गाळा गप्प होत गेला. शेजारच्या गाळ्यांवरचे लिलाव थांबले. लोक आपापली मनगटं चाचपू लागले, ज्यांच्यावर काही लिहिलेलं नव्हतं तेसुद्धा.

एकेचाळिसावा उतरला. सर्जेरावानं बेरीज तोंडानं सांगितली नाही. त्यानं काट्यावर कांद्याचं एक पोतं चढवलं. दुसरं चढवलं. वर अर्धं चढवलं, आणि सुटे कांदे टाकून आकडा जुळवला. एकशे पस्तीस किलो.

"एवढं," तो म्हणाला. त्याचा आवाज पुकारायचा राहिला नव्हता. "एवढं पानी हितनं गेलं. सकाळच्यानं. ह्या एका गाळ्यातनं."

कुठं गेलं, असं कोणी विचारलं नाही. शंभर माणसांनी एकदम माना वर केल्या. वर आभाळ होतं, पांढरं, कोरडं, त्यात ढगाचं चिरगूटसुद्धा नव्हतं. अडीच पोती पाणी या माणसांच्या अंगातून निघून त्यांच्या डोळ्यांदेखत वर गेलं होतं, आणि जाताना ना कोणाला दिसलं होतं, ना ऐकू आलं होतं. आणि हा एक गाळा. असे गाळे किती, रस्ते किती, बांधकामं किती, पत्रे किती! शेतकरी, खरेदीदार, ड्रायव्हर, सगळे तोंड उघडून त्या आभाळाकडं बघत राहिले, जसं काही तिथं एक उलटी नदी वाहत होती. दरवाजातला कावळा चालता चालता थांबला, असं म्हणतात.

मग काचेचं दार उघडून शेफाली आली. सरळ काट्यावर चढली. घट शंभर ग्रॅम. ती मनगटाकडं बघत खाली उतरली आणि सुशीलाबाईंच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

श्यामशेठना यावंच लागलं. सगळे बघत होते. ते चढले. लाल आकडे फिरले आणि थांबले.

"श्यामशेठ!" सर्जेरावानं पुकारलं. "ब्याऐंशी सातशे! वाढ, पाचशे!"

हसू फुटलं. सकाळचा आमरस आणि मधली साबुदाण्याची खिचडी काट्यानं सांगून टाकली होती. श्यामशेठचे कान लाल झाले.

"काटा खराब आहे तुमचा," ते म्हणाले.

हसू तुटलं. यार्डात हे वाक्य कोणी सहसा बोलत नाही. सर्जेराव पोत्यावरून खाली उतरला आणि अगदी हळू, अगदी अदबीनं म्हणाला, "मंग सकाळपासनं ह्याच काट्यावर आपला तीनशे पोती माल तोलला, शेठ. तो बी खराबच तोलला म्हनायचा का?"

एका बाजूला माल आणलेले शेतकरी होते. दुसऱ्या बाजूला माल घेतलेले खरेदीदार होते. दोघांनीही माना श्यामशेठकडं वळवल्या. मधे काटा होता, आणि काट्यावर श्यामशेठ. ते खाली उतरले. काचेच्या बाहेर उभं राहून त्यांना जेमतेम दहा मिनिटं झाली होती, आणि सदरा पाठीला चिकटला होता. त्यांनी एकदा सदरा सोडवला, एकदा वर बघितलं, आणि मग काट्यावर हात ठेवला.

"घट मान्य," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून बारा ते चार श्यामशेठच्या गाळ्यावर पोतं हललं नाही. गाड्या दहाच्या आत आणि पाचच्या पुढं. तीन रांजण आले, मीठ-साखर घातलेल्या पाण्याचे, आणि पश्चिमेच्या पत्र्यावर भिजवलेल्या गोण्या. शेजारचे आडते आधी म्हणाले, श्याम वेडा झाला. मग त्यांच्या हमालांनीही निळा रंग मागितला, तेव्हा तेही रांजण शोधायला निघाले. सगळेच नाही. काही अजूनही फोन काढून एकेचाळीस दाखवतात. वस्तीतल्या खोलीवरचा पत्रा आहे तोच आहे. सुशीलाबाईंनी त्यावर गाळ्यातल्या जुन्या गोण्या अंथरल्या, सकाळ-संध्याकाळ त्या भिजवतात, आणि गूळ आता फळीच्या निम्म्यापर्यंतच जातो. आणि ऊन? ऊन कोणाशी करार करत नाही. पुढच्या वर्षी कावळे फेब्रुवारीतच चालू लागले.

पण त्याच उन्हाळ्यात पंधरा दिवसांचे वीस झाले, आणि एका सकाळी सहाला बद्रीनाथ गाळ्यावर आला. डॉक्टरांनी सकाळचंच काम सांगितलं होतं, अर्धंच ओझं. तो काट्याशी येऊन उभा राहिला. चढला नाही.

"दादा, चौसष्ट नाही भरणार आता. शकुन बिघडंल तुमचा."

सर्जेरावाची नजर आधीच बोलून गेली होती. अठ्ठावन्न पाचशे. "चढ," तो म्हणाला.

आकडे आले. अठ्ठावन्न पाचशेच. तीस वर्षांची सवय होती, आवाज निघाला.

"लाभ!" तो असा ओरडला की लोणीत मथुराबाईंच्या हातची भाकरी तव्यावर उलटली. "अठ्ठावन्न पाचशे!"

दुपारी बाराला काम थांबलं, तेव्हा त्यानं बद्रीनाथला पुन्हा काट्यावर घेतलं. अठ्ठावन्न तीनशे. दोनशे ग्रॅमची घट.

"इतकीच?" बद्रीनाथ खाली वाकून आकडे बघत म्हणाला. "काटा तपासा की एकदा."

"काटा बेस हाय," सर्जेराव म्हणाला, आणि लोखंडी वजनांकडं न बघता त्यानं बद्रीनाथच्या कपाळावर हात ठेवला. ओलं होतं. घाम येत होता. "जीभ दाव. हां. जा, त्या रांजनातलं पानी पिऊन ये, आन् पुन्ना चढ. बघू ती दोनशे कुटं जाती ते."